कान कुणाकडे

माणसाने वाजवलेलं गाणं कानावर पडणं ही सन दोन हजार एकोणपन्नासमध्ये काही रोजची गोष्ट राहिली नव्हती. दहातली नऊ गाणी यंत्रं रचत आणि यंत्रंच गात. ती वाईट असत म्हणावं तर तसंही नाही. उलट इतकी नीटनेटकी असत की मिरजेच्या इर्शादभाई सतारमेकरांना त्यांचा वैताग येई. “घरच्या भातात कधीमधी खडा लागतोय की नाही?” ते विचारत. “यांच्यात लागतच नाही. मग जेवल्यासारखं वाटणार कसं?”

तर अशी खड्यासकट भात आवडणारी सात माणसं दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी दुपारी चार वाजता इर्शादभाईंच्या कारखान्याच्या माडीवर जमत. खाली सतारींचे भोपळे वाळत ठेवलेले, वर सतरंजी, चहाचा थर्मास आणि दोन जुने स्पीकर. मंडळाचं नावही ‘चौथा शनिवार’च. दर महिन्याला एक विषय ठरे, सगळ्यांची मिळून एक प्लेलिस्ट असे आणि प्रत्येकाने तीत एकच गाणं घालायचं. नियम मोजके पण कडक होते. गाणं मध्येच थांबवायचं नाही. चालू असताना बोलायचं नाही. संपल्यावर प्रत्येकाने एक तरी वाक्य बोललंच पाहिजे, आणि नुसतं ‘छान आहे’ चालणार नाही. कुणाची जागा रिकामी राहता कामा नये. आणि ज्याने गाणं घातलं त्याने आधी त्याची जन्मपत्रिका वाचायची, म्हणजे कुणी गायलं, कुणी वाजवलं, कुठे आणि कधी.

या जन्मपत्रिकांची वही वृंदा शिरगुप्पे सांभाळत असे. वृंदा कॉलेजात ग्रंथपाल होती, वय पंचावन्न, आणि नोंद चुकली तर तिला जेवण गोड लागत नसे. गाण्यातलं तिला पुष्कळ कळे, पण स्वतःबद्दल विचारलं की ती हसून कान धरी. गाणं संपून सगळ्यांनी ताल धरून टाळ्या वाजवल्या की ही हात मांडीखाली घेऊन बसे. “मी नको बाई, तुमचा ठेका बिघडेल,” ती म्हणे. “वृंदाताईंना टाळी वाजवायला बंदी आहे,” असं इर्शादभाई नव्या पाहुण्याला सांगत. ही थट्टा पंधरा वर्षं चालली होती आणि ती सुरू केली होती वृंदानेच.

एके काळी ती तबला वाजवत असे हे तिच्याखेरीज मंडळात फक्त एकाला ठाऊक होतं. तो म्हणजे हर्षद मगदूम. हर्षद गिटार वाजवे आणि गाई. दोघांचा मिळून एक बँड होता, ‘गूळपापडी’ नावाचा. बँड कसला, दोन माणसं. सरावाला वृंदाच्या आईने केलेला तोच एक खाऊ असायचा, म्हणून ते नाव. मग हर्षदने एकट्याने एक गाणं काढलं, ‘तिसऱ्या मजल्यावरचं ऊन’. नुसती गिटार आणि आवाज. ते गाणं गाजलं आणि गूळपापडी तिथेच संपली. वृंदाने त्याचं वाईट वाटून घेतलं नव्हतं. मैत्री टिकली. आठ वर्षांपूर्वी वृंदाचा नवरा विनायक चार महिने दवाखान्यात होता, तेव्हा रोज सकाळी डबा घेऊन येणारा माणूस हर्षदच होता. ‘चौथा शनिवार’ही त्यानेच सुरू केला आणि वृंदाला बळेच ओढून आणलं.

त्या महिन्याचा विषय लोकूर सरांनी सुचवला. लोकूर सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. विषय असा, की बँडमधल्या माणसांनी बँड सोडून बाहेर, आपापलं केलेलं गाणं.

“म्हणजे लग्न झालेल्याची बाहेरची भानगड म्हणा की,” इर्शादभाई म्हणाले.

“भानगडीत निदान दुसरं माणूस तरी असतं,” सर म्हणाले. “इथे तेही नको. एकटा म्हणजे एकटा.”

झालं, यावरून वाद पेटला. कुणी म्हणालं, एकट्याच्या नावावर निघालेल्या गाण्यात अकरा वाजवणारे असतात, मग ते एकट्याचं कसं? कुणी म्हणालं, नाव एकाचं असलं की पुरे. चहा गार झाला तरी मिटेना. शेवटी लोकूर सरांनीच तोड काढली. लयछाप काढून बघायची आणि जे गाणं खरोखर एकट्याचं ठरेल तेच यादीत ठेवायचं. गाण्यावर जीव टाकणारी माणसं अशा गोष्टीवर एकमताने हात वर करतात. तसे सातही हात वर झाले. हर्षदचा जरा उशिरा झाला, पण झाला.

लयछाप ही काय भानगड आहे ते सांगायला हवं. माणूस ताल धरतो तेव्हा त्याचा एकही ठोका नेमक्या जागी पडत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदांत मोजलं तर एखादा पाचने लवकर पडतो, एखादा बाराने उशिरा. या चुका कशाही पडल्या असत्या तर त्यांचा काही उपयोग नव्हता. पण एका ठोक्याला झालेली चूक हात विसरत नाही. तिचा माग पुढच्या शे-दीडशे ठोक्यांपर्यंत निघतो. मेंदूकडून बोटापर्यंत आदेश पोचायला लागणारा वेळ, स्नायूंची ठेवण, आपली चूक कानाने पकडून सावरून घ्यायची ज्याची त्याची तऱ्हा, या सगळ्यांची मिळून एक छाप पडते. ती जन्मभर फारशी बदलत नाही. यंत्राचं गाणं माणसाचं म्हणून खपवलं जाऊ नये यासाठी ही तपासणी निघाली होती. पुढे ती इतकी स्वस्त झाली की साध्या मोबाइलवरही होऊ लागली.

यातला पुढचा भाग लोकूर सरांच्या एका विद्यार्थिनीने शोधला होता आणि सरांना त्याचा भारी अभिमान होता. “वाजवणारा कुणाला ऐकत असेल ना,” ते सांगत, “तर तो सारखा त्याच्याशी जुळवून घेत असतो. आता बघा, आंधळ्याला कुणी हात धरून चिखलातून नेलं आणि मागे नुसते आंधळ्याचेच ठसे राहिले, तरी जाणत्या माणसाला कळतं की कुणीतरी नेत होतं. नीट बघितलं तर नेणारा घाईत होता की निवांत, हेही कळतं. तसंच हे. हात कुणाचा आणि कान कुणाकडे, दोन्ही सांगतं. नुसता ठोके देणारा मेट्रोनोम असेल तर समोरची चाल दोरीसारखी सरळ निघते, त्याला माणूस म्हणून मोजत नाहीत.”

गंमत म्हणून मागच्याच महिन्यात सातही जणांनी आपापल्या हाताचा नमुना सरांच्या मोबाइलमध्ये दिला होता. वृंदा नाही नाही म्हणत होती. शेवटी खाली जाऊन तिने एका वाळलेल्या भोपळ्यावर पाच मिनिटं बोटं वाजवली आणि “कचऱ्यात टाका हो हे,” म्हणून परत आली.

आता यादीत गाणं कुठलं घालायचं याचा वृंदाला विचारही करावा लागला नाही. हर्षदला पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होणार होती, त्याचे विद्यार्थी सत्कार करणार होते. तिने ‘तिसऱ्या मजल्यावरचं ऊन’ घातलं आणि त्याला फोन केला.

“ते कशाला गं?” हर्षद म्हणाला. “शिळं झालंय ते. दुसरं घाल की.”

“शिळं कसलं? सगळ्या मिरजेला पाठ आहे. आणि लयछाप काढून वर शिक्काच मारून देते तुला, हा गडी एकटा होता म्हणून.”

“वृंदा, नको म्हणतोय तर—”

“लाजतोस काय असा नवऱ्या मुलीसारखा?” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी भाजी निवडता निवडता तिने तपासणीचा निकाल उघडला. त्यात चार ओळी होत्या. हात : एक, हर्षद मगदूम. कान : गाण्यात नसलेल्या एका वादकाकडे. त्या वादकाची छाप : उपलब्ध नमुन्यांशी जुळते, वृंदा शिरगुप्पे. खात्री : सत्त्याण्णव टक्के.

पहिल्यांदा तिला हसूच आलं. भोपळ्याचा नमुना चुकीच्या जागी चिकटला असणार. तिने पुन्हा तपासणी लावली. पुन्हा त्याच चार ओळी आल्या. मग मात्र तिने लोकूर सरांना फोन लावला.

“सर, तुमचं यंत्र बिघडलंय.”

सरांनी स्वतः निकाल पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला. “बिघडलेलं नाही,” ते शेवटी म्हणाले. “हर्षदने हे गाताना कानात तुमच्या हातचे ठोके लावले होते. त्यांना धरून तो वाजवतोय. नंतर ते पुसून टाकलेले आहेत. पण गिटारच्या प्रत्येक ठोक्यात त्यांना धरण्याची धडपड आहे, त्यावरून पुसलेले ठोके परत मांडता येतात. आवाज नाही यायचा, नुसते टकटक असे ठोके. पाठवू का?”

“पाठवा,” वृंदा म्हणाली.

फाइल आली. चार मिनिटं अकरा सेकंद. दारावर बोटाने वाजवावं तसे कोरडे ठोके. पहिलं अर्धं मिनिट वृंदाला काहीच ओळखू आलं नाही. मग दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ठोके एकाएकी दाट झाले, उलटसुलट चार वळणं घेऊन अगदी शेवटच्या क्षणी समेवर आले, आणि तिच्या हातातली पालेभाजी खाली पडली. तबल्यावरची ती दाट, द्रुत लग्गी तिची होती. आईच्या स्वयंपाकघरात परातीवर बसवलेली, दुसऱ्या कुणाला कधी न शिकवलेली.

गूळपापडीची एक रीत होती. बाकीचे लोक आधी गाणं गातात आणि मग त्याला तबला लावतात. यांचं उलट. आधी वृंदा एकटी, सबंध गाणं मनात म्हणत, तबला वाजवून ठेवी. त्यावर मग हर्षद गिटार आणि आवाज चढवी. “आधी फरशी, मग भिंती,” असं तो म्हणायचा. दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये पुण्यातल्या एका लहानशा स्टुडिओत तिने अशीच फरशी घातली होती. पाच गाणी, पाच दिवस. नंतर एका दुपारी हर्षद तिच्या घरी आला. दोन कप चहा प्याला. मग लॅपटॉप उघडून त्याने तिला एक वाकडीतिकडी रेघ दाखवली.

“ही तुझी लय आहे, वृंदा. बघ कशी ढळतीय. कानाला कळत नाही, पण यात दिसतं. कंपनीवाले नको म्हणतायत. मी सगळं नव्यानं एकट्यानंच केलं.” आणि मग फार मायेने तो म्हणाला होता, “हे काही शिकून येत नाही गं. असतं किंवा नसतं.”

एकतीस वर्षांच्या वृंदाला रेघा वाचता येत नव्हत्या. माणूस वाचता येतो असं तिला वाटत होतं. तिने त्या आठवड्यात तबला-डग्गा एका शाळेला देऊन टाकला. पुढे मुलगी सात वर्षांची झाली आणि तबला शिकायचा म्हणून हटून बसली, तेव्हा वृंदाने तिला चित्रकलेच्या वर्गात घातलं. “आपल्या घराण्यात लय नाही बाळा,” असं तिने तिला सांगितलं होतं. पोरगी महिनाभर रडली होती.

“सर,” तिने सरांना पुन्हा फोन लावून विचारलं, “एक सांगा. या ठोक्यांची लय ढळते का?”

“ढळते?” सरांना प्रश्नच कळला नाही. “अहो, सबंध गाण्यात सात मिलिसेकंदांच्या पलीकडे एक ठोका गेलेला नाही. माणसाचा हात याहून सरळ जात नाही. ढळतोय तो गिटारवाला. दर ठोक्याला तीस-चाळीसने मागे.”

वृंदाने फोन ठेवला. ओट्यावर दोन्ही हात ठेवले आणि ती लग्गी वाजवून पाहिली. बोटांच्या पेरांत संधिवात शिरल्याला सहा वर्षं झाली होती. पहिली दोन वळणं कशीबशी निघाली, तिसऱ्याला अनामिका उठलीच नाही. डोक्यात सगळं जिथल्या तिथे होतं आणि हातात काही उतरत नव्हतं. तिला रडू आलं आणि ती तशीच उभी राहून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हर्षदकडे गेली. तो गिटारीला नवीन तार चढवत होता. तिने मोबाइल त्याच्यासमोर ठेवून ठोके लावले. पंधरा-वीस सेकंदांतच त्याचा हात थांबला. त्याला ओळखायला तिच्याइतका वेळ लागला नाही.

“गाइड होती ती नुसती,” तो म्हणाला. “कानात काहीतरी लावूनच गातात सगळे.”

“तू म्हणालास, नव्यानं एकट्यानं केलं.”

“गिटार नव्यानंच केली की.”

“हर्षद, ती रेघ कुणाची होती?”

तो तार पिळत राहिला. खुंटी करकरली. “कुठली रेघ?”

“मला दाखवलीस ती. लॅपटॉपवर. माझी म्हणून.”

बाहेर कुणाची तरी रिक्षा येऊन थांबली, कुणी उतरलं, रिक्षा निघून गेली. मग हर्षद म्हणाला, “माझी.”

वृंदाला हे ठाऊकच होतं. कालपासून तिने ते शंभरदा स्वतःशी म्हणून पाहिलं होतं. त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती समोरच्या खुर्चीत बसली.

“तू समजून घे,” हर्षद भराभर बोलू लागला. “तुझ्या तबल्यावर मी लावलं ना, की माझं मागं राहणं उघड ऐकू यायचं. प्रत्येक ओळीला. दहा वेळा रेकॉर्ड केलं, तरी मागंच. एकदा सहज तुझा ट्रॅक बंद करून ऐकलं, आणि काय सांगू तुला. तेच मागं राहणं एकदम देखणं वाटायला लागलं. गाणारा निवांत उन्हात बसलाय असं. कंपनीवाला म्हणाला, हेच पाहिजे, याला हातसुद्धा लावू नका. शेजारी मोजायला कुणी नव्हतं, म्हणून मी चांगला वाटत होतो. मग तुला काय सांगणार होतो मी?”

“हेच सांगायचं होतंस.”

“तू वाजवायची थांबली नसतीस. पुढच्या गाण्याला पुन्हा बसली असतीस माझ्याशेजारी.”

“बसले असते,” वृंदा म्हणाली. “म्हणून तू मला सांगितलंस की माझ्यात लय नाही. लोक तुझ्या त्या रेंगाळण्यावर लेख लिहीत होते आणि मी त्यांची कात्रणं काढून वहीत चिकटवत होते, हर्षद. मंडळात मी स्वतःवर विनोद करायची. तू शेजारी बसून हसायचास.”

“मला नाही हसू यायचं.”

“पण हसायचास.”

तो खाली मान घालून बसला. तसाच म्हणाला, “विन्याच्या आजारपणात मी होतो ना? एक दिवस चुकलो का?”

“नाही चुकलास. म्हणून तर मला कळत नाहीये की किती फसवलंस. डबा माझ्यासाठी आणत होतास की त्या रेघेसाठी?”

हर्षदने गिटार बाजूला ठेवली. तो एवढंच म्हणाला, “यादीतून काढ ते गाणं. दुसरं घाल. साठीला आलोय मी, वृंदा. पोरं सत्काराला तेच गाणार आहेत. सातजणांसमोर मला उघडं पाडून तुला काय मिळणार? तू तर केव्हाच सोडलं होतंस वाजवणं.”

“मी सोडलं नव्हतं,” ती उठत म्हणाली. “तू सोडायला लावलंस. आणि गाणं काढते मी. तसंही ते नियमात बसत नाही.”

एवढ्यावरच मिटलं असं त्याला वाटलं असावं, कारण दारापर्यंत पोचवायला आलेल्या हर्षदच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण होती. ती पाहून वृंदाच्या मनात जी काही चलबिचल होती तीही गेली.

चौथ्या शनिवारी सातही जण आले. विषय रंगला होता. तीन गाणी झाली, त्यांतलं एक तपासणीत नापास होतं म्हणून इर्शादभाईंनी ते घालणाऱ्याची यथेच्छ खेचली. हर्षद खिडकीशी बसला होता आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. लोकूर सर मात्र वृंदाकडे अधूनमधून पाहत होते. त्यांनी कुणाकडे तोंड उघडलं नव्हतं.

चौथी पाळी वृंदाची. तिने वही उघडली आणि दर महिन्याला जन्मपत्रिका वाचताना लावी तोच आवाज लावला.

“मी आधी घातलेलं गाणं ‘तिसऱ्या मजल्यावरचं ऊन’. गिटार आणि आवाज हर्षद मगदूम. कान, वृंदा शिरगुप्पेकडे. याच्यात माझा तबला होता. हर्षदने त्याच्यावर गाणं केलं, मग तो पुसला आणि मला येऊन सांगितलं की माझी लय ढळते. मी चोवीस वर्षं ते खरं मानलं. हे एकट्याचं गाणं नाही, म्हणून मी ते यादीतून काढलं.”

इर्शादभाईंच्या हातातला कप तोंडापाशी तसाच राहिला.

“जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून दुसरं घातलंय,” वृंदा पुढे वाचू लागली. “गाण्याला नाव नाही. तबला, वृंदा शिरगुप्पे. पुणे, जून दोन हजार पंचवीस. हात एक. कान कुणाकडेच नाही. चार मिनिटं अकरा सेकंद.”

तिने ठोके लावले.

चालू असताना बोलायचं नाही हा नियम त्या दिवशी कुणाला आठवावा लागला नाही. कोरडे ठोके स्पीकरमधून येत राहिले, सुराशिवाय, शब्दाशिवाय. गाणं मात्र सगळ्यांना पाठ होतं. त्यामुळे प्रत्येकाच्या मनात शब्द आपोआप येऊन ठोक्यांवर बसत होते, आणि या खेपेला ते मागे राहत नव्हते. हर्षदला उठून जाता आलं असतं. जिना त्याच्या मागेच होता. पण तो भिंतीला पाठ लावून बसून राहिला. दुसऱ्या कडव्याशी लग्गी आली तशी इर्शादभाईंची मान आपसूक हलली आणि पुढच्याच क्षणी त्यांनी डोळे पुसले.

ठोके संपले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मग नियमाप्रमाणे एकेकाने एकेक वाक्य सांगायचं होतं. लोकूर सरांनी सात मिलिसेकंदांचं सांगितलं, कारण त्यांना तेवढंच सांगता येत होतं. त्यांच्या शेजारच्या तिघांनी लग्गीबद्दल सांगितलं. इर्शादभाईंनी कप खाली ठेवला.

“ताई,” ते म्हणाले, “टाळीची थट्टा मी पंधरा वर्षं केली. मला माफ करा.”

वृंदाने मान हलवली आणि लिहून घेतलं. मग सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे वळल्या. हर्षद सतरंजीकडे पाहत होता. ‘छान आहे’ म्हणून सुटका होण्यासारखी नव्हती. तो नियम त्यानेच केला होता.

“लय कुठंही ढळत नाही,” तो म्हणाला.

चोवीस वर्षांपूर्वी हे एक वाक्य त्याने म्हटलं असतं तर वृंदा आनंदाने रात्रभर वाजवत बसली असती. आताही आत कुठेतरी बरं वाटेल अशी तिची समजूत होती. ती जरा थांबलीसुद्धा, वाटतंय का ते पाहायला. काही वाटलं नाही. ज्याच्या शब्दावर तिने हात आवरून घेतले, त्याचा शब्द आता तिच्या लेखी कशाचाच पुरावा राहिला नव्हता.

तिने ते वाक्य वहीत लिहिलं. खाली त्याचं नाव घातलं, तारीख घातली.

“सर,” ती म्हणाली, “पुढचं गाणं तुमचं.”